मुंबईच्या फ्लॅटमधला कुत्रा रोजच्या धोक्यांपासून कसा जपायचा: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

‘त्याला नको म्हटलं की कळतं’ या भरवशावर बरीच घरं चालतात. कुत्र्याला नको म्हटलेलं कळायला काही महिने जातात आणि तेही समोर माणूस असेल तरच. विषाची वडी, मनुका किंवा खाली पडलेली गोळी तो तुमची पाठ वळायच्या आत गिळतो. त्यामुळे क्रम असा ठेवा: आधी वस्तू त्याच्या तोंडापासून दूर करा, मग घरातल्या माणसांच्या सवयी बदला आणि त्यानंतर कुत्र्याला शिकवा. बहुतेक जण हे बरोबर उलटं करतात. अपघात झाल्यावरही तीच गत होते. आधी दूध, मीठ-पाणी, हळद असं सगळं करून बघतात आणि डॉक्टरला फोन शेवटी लावतात.

खाली दिलेले टप्पे त्याच क्रमाने करा. पिल्लू घरी यायचं असेल तर पहिले पाच टप्पे ते येण्याआधी पूर्ण करा.

## टप्पा १: कागद, नंबर आणि एक पिशवी

एका कागदावर कुत्र्याचं वय, किलोमधलं वजन, चालू असलेली औषधं, लसींच्या तारखा आणि जुने आजार लिहा आणि तो फ्रिजवर लावा. वजन हवंच, कारण विषबाधेत डॉक्टरचा पहिला प्रश्न तोच असतो. ते काढायला त्याला कडेवर घेऊन काट्यावर उभे राहा आणि आलेल्या आकड्यातून तुमचं वजन वजा करा. वाढत्या पिल्लाचं वजन दर महिन्याला नव्याने लिहा.

कागदावर दोन दवाखाने हवेत. एक घराजवळचा नेहमीचा आणि दुसरा तो बंद असताना जायचा. मोठ्या उपचारांसाठी परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, म्हणजे आपण ज्याला बैलघोडा हॉस्पिटल म्हणतो ते, आणि महालक्ष्मीचं टाटा ट्रस्टचं लहान प्राण्यांचं रुग्णालय सगळ्यांना माहीत असतं. पण रात्री तातडीचा रुग्ण कुठे घेतात, कोणत्या दाराने घेतात, हे आजच फोन करून विचारून ठेवा.

मग जाणार कशाने, ते ठरवा. उपनगरात राहत असाल तर एक गोष्ट ऐन वेळी हमखास विसरली जाते: रिक्षा वांद्र्याच्या आणि सायनच्या पुढे शहरात जात नाही. कांदिवलीहून परळला निघालात तर टॅक्सी किंवा गाडीच लागेल, आणि कुत्रा बघून टॅक्सीवाला नाही म्हणू शकतो. बिल्डिंगमधल्या गाडीवाल्या एका शेजाऱ्याला आधीच विचारून ठेवा. संध्याकाळी सात वाजता हायवेवर किती वेळ जातो तेही धरा. म्हणूनच जवळच्या दवाखान्याचा नंबर कागदावर सगळ्यात वर हवा.

पिशवीत डिजिटल थर्मामीटर, टॉर्च, चिमटा, सलाइनची बाटली, एक मऊ सुती ओढणी आणि जुनी चादर ठेवा. दुखणाऱ्या कुत्र्याचं तोंड बांधायला ओढणी आणि त्याला उचलून न्यायला चादर. वेदनेत असलेला कुत्रा घरच्यांनाही चावतो, त्यात त्याचा दोष नाही. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या मात्र या पिशवीत ठेवू नका.

तपासा: कुत्रा ठणठणीत असताना त्याचा वरचा ओठ उचला आणि हिरडी बोटाने दाबा. दाबलेली जागा पांढरी पडते आणि साधारण दोन सेकंदांत परत गुलाबी होते. काहींच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात, त्यांच्यात डोळ्याच्या खालच्या पापणीचा आतला भाग बघा. त्याचा नेहमीचा रंग तुमच्या ओळखीचा असेल, तरच आजारपणात ‘हिरड्या फिक्या वाटतायत’ हे तुम्हाला फोनवर सांगता येईल. गुदद्वारातून घेतलेलं नेहमीचं तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं. माणसाच्या मापाने हा ताप वाटतो, म्हणून लोक उगाच घाबरतात, नाहीतर खऱ्या तापाकडे दुर्लक्ष करतात.

## टप्पा २: जमिनीवर बसून घर बघा

उभं राहून घर तपासू नका. प्रत्येक खोलीत खाली बसा, शक्य असेल तर पालथे पडा आणि सोफ्याखाली टॉर्च मारा. तिथे सापडतं ते असं: रिमोटमधून निसटलेला बटणासारखा सेल, केसांचं रबर, दोरा ओवलेली सुई, मुलांच्या खेळण्याचं चाक, मोजा, खाली पडलेली बीपीची गोळी. बटण-सेल अन्ननलिकेत अडकला तर काही तासांत आतून भाजतो. दोरा आतड्यात गेला तर आतडं गोळा करून ओढतो. तोंडातून किंवा शेपटीखालून दोरा लोंबताना दिसला तर तो ओढायचा नाही, तसंच दवाखान्यात जायचं.

कपाटातल्या आणि बाथरूमच्या जाळीवरच्या डांबरगोळ्या काढून टाका. डासांची कॉइल आणि खालच्या प्लगला लावलेली लिक्विडची बाटली वर हलवा. झुरळांसाठी कोपऱ्यात ओढलेल्या खडूच्या रेघा ओल्या फडक्याने पुसून घ्या. चार्जरच्या वायरी पिल्लाला फार आवडतात. वापर नसेल तेव्हा नुसतं बटण बंद करून भागत नाही, चार्जर काढूनच ठेवा.

लादी पुसायच्या वेळेचा प्रश्न वेगळा. घरकामाच्या मावशी फिनाईल कधी थोडं, कधी भरपूर घालतात. ओल्या लादीवरून चालून कुत्रा नंतर पंजे चाटत बसतो. मावशींना बाटलीवर लिहिलेलं प्रमाण दाखवा आणि लादी वाळेपर्यंत कुत्रा दुसऱ्या खोलीत, असा नियम करा. घर खरं तर त्याच सांभाळत असतात, म्हणून या लेखातलं बाकीचंही त्यांना समजावून सांगा.

कुंड्या बघा. मनीप्लांट आणि डिफेनबेकिया चावल्यावर तोंडाची आग होते. त्याहून घातक म्हणजे कण्हेर आणि बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर. त्यांचा परिणाम थेट हृदयावर होतो. सायकस या ताडासारख्या दिसणाऱ्या शोभेच्या झाडाच्या बिया यकृत खराब करतात. ही झाडं घरापेक्षा सोसायटीच्या कंपाउंडमध्ये जास्त असतात, तेव्हा खाली जाऊन एकदा कुठे काय लावलंय ते बघून या.

## टप्पा ३: स्वयंपाकघर आणि औषधांचा डबा

पहिलं काम कचऱ्याच्या डब्याचं. पायाने उघडणारा डबा हुशार कुत्रा आठवड्यात शिकतो. डबा सिंकखालच्या कपाटात ठेवा आणि कपाटाला कडी लावा. सकाळी कचरा नेणाऱ्यांसाठी पिशवी दाराबाहेर ठेवत असाल तर फिरायला निघताना लिफ्टपर्यंतच्या वाटेवर इतरांच्याही पिशव्या असतात, हे लक्षात घ्या.

हे पदार्थ अजिबात द्यायचे नाहीत:

- द्राक्षं, मनुका, बेदाणे. मूत्रपिंड निकामी होऊ शकतं आणि किती खाल्लं तर चालेल याचा भरवशाचा आकडा नाही. शिरा, खीर, लाडू, पंचखाद्य या सगळ्यांत ते असतात.
- कांदा, लसूण, कच्चा असो वा शिजवलेला. तांबड्या रक्तपेशी फुटतात. रोज थोडं थोडं गेलं तरी साठत जातं. रश्शातली पोळी आणि वाटणातलं हाड इथेच मोडतं.
- चॉकलेट, कॉफी. जितकं गडद चॉकलेट तितकं वाईट.
- झायलिटॉल, म्हणजे साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ, असलेलं काहीही: शुगर-फ्री च्युइंगगम, काही टूथपेस्ट, काही पीनट बटर. रक्तातली साखर अर्ध्या तासात कोसळू शकते.
- शिजवलेली हाडं. कोंबडीचं शिजलेलं हाड अणकुचीदार तुकड्यांत फुटतं.

विष नसूनही पोटात अडकणाऱ्या गोष्टींकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. उन्हाळ्यात आंब्याची कोय आणि पावसाळ्यात भाजलेल्या कणसाचा उरलेला दांडा. दोन्ही कुत्रा आनंदाने गिळतो, दोन्ही पचत नाहीत आणि आतड्यात अडकले की ऑपरेशनच करावं लागतं. चौपाटीवर आणि बसस्टॉपजवळ असे दांडे पायापायाला पडलेले असतात.

औषधांत सगळ्यात जास्त चूक होते ती प्रेमापोटी. ‘ताप आलाय, लहान मुलाची अर्धी क्रोसिन देऊ’ असं करू नका. पॅरासिटामोल, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांपैकी काहीही स्वतःच्या मनाने देऊ नका. पोटात रक्तस्राव, मूत्रपिंड किंवा यकृताला इजा, असे त्यांचे परिणाम होतात. आजीच्या गुडघ्याला लावलेलं वेदनाशामक मलम कुत्रा लाडाने चाटतो, तेही याच जातीचं औषध असतं. मलम लावल्यावर गुडघा झाकलेला राहील असं बघा.

तपासा: गोळ्या खायची जागा एकच ठरवा आणि ती टेबलाच्या मधोमध, काठाजवळ नको. गोळी पडली तर ती सापडेपर्यंत कुत्रा खोलीबाहेर.

## टप्पा ४: उंदराचं विष

या टप्प्याला सर्वात जास्त वेळ द्या. मुंबईतल्या जवळजवळ प्रत्येक सोसायटीत, दुकानामागे, गटाराच्या तोंडाशी उंदरांसाठी काहीतरी ठेवलेलं असतं. ते कधी ठेवलं, काय ठेवलं, हे मात्र कुत्रा पाळणाऱ्याला कळत नाही.

४.१ सेक्रेटरीशी बोला. पेस्ट कंट्रोल कधी होणार, कोणतं औषध वापरणार आणि कुठे ठेवणार, हे सूचनाफलकावर आणि ग्रुपवर आधी कळवावं, अशी लेखी विनंती करा. सोबत दोन मागण्या ठेवा: विष उघड्यावर न ठेवता कुलूप लागणाऱ्या पेटीत ठेवावं आणि मेलेले उंदीर त्याच दिवशी उचलावेत. विष खाल्लेला उंदीर कुत्र्याने खाल्ला तरी विषबाधा होऊ शकते. वॉचमनला आणि कंपाउंड झाडणाऱ्यालाही सांगा, कारण मेलेला उंदीर कुठे आहे ते पहाटे त्यांनाच सर्वात आधी कळतं.

४.२ पाकिटाचा फोटो घ्या. पेस्ट कंट्रोलवाल्या माणसाला थांबवून पाकिटाची पुढची आणि मागची बाजू फोनमध्ये घ्या. उपचार विषाच्या प्रकारावर ठरतो आणि ‘निळ्या रंगाची वडी होती’ एवढ्यावर डॉक्टरला काही ठरवता येत नाही.

दोन प्रकार ओळखता यायला हवेत. पहिला, ब्रोमाडिओलोनसारखं रक्त गोठू न देणारं विष, बहुतेकदा रंगीत वडी किंवा केक. ते खाल्ल्यावर कुत्रा दोन-तीन दिवस अगदी ठीक दिसतो, खेळतो, जेवतो. मग तो मलूल होतो, धापा टाकतो, हिरड्या फिक्या पडतात, नाकातून किंवा शौचातून रक्त येतं. या विषावर व्हिटॅमिन के-१ हा उतारा आहे. तो लवकर सुरू झाला तर कुत्रा वाचतो. ‘खाल्लं पण काही झालं नाही’ म्हणून घरी थांबणं ही इथली जीवघेणी चूक आहे.

दुसरा, झिंक फॉस्फाइड. काळसर राखाडी पावडर, पिठात किंवा भज्यात मिसळून ठेवतात. पोटातल्या आम्लाशी संयोग होऊन त्यातून फॉस्फिन नावाचा विषारी वायू तयार होतो. मिनिटांत ते काही तासांत उलट्या, अस्वस्थता, झटके सुरू होतात. यावर उतारा नाही.

इशारा: झिंक फॉस्फाइडचा संशय असेल तर कुत्र्याला काहीही खायला घालू नका. अन्नाने आम्ल वाढतं आणि वायूही वाढतो. त्याला घरी ओकायला लावू नका. गाडीत तो ओकला तर वायू तुमच्याही नाकात जातो, म्हणून काचा पूर्ण उघड्या ठेवा आणि एसी बंद.

४.३ फिरवताना तोंड बघा. सोसायटीच्या भिंतीच्या कडेने, पंपरूमच्या मागे आणि खाऊगल्लीच्या गटाराजवळ लीश, म्हणजे पट्ट्याला लावून हातात धरायची दोरी, आखूड धरा. ‘सोड’ हा शब्द घरीच शिकवा: एका हातात साधा बिस्किटाचा तुकडा धरून त्याला चावू द्या, दुसऱ्या हातातलं चिकनचं जास्त चांगलं काही नाकाजवळ आणा, त्याने पहिला तुकडा सोडला की लगेच दुसरा द्या. ओरडून, जबडा उघडून काढत राहिलात तर कुत्रा वस्तू पटकन गिळायला शिकतो.

उंदरांचा चिकट पॅड कुत्र्याला चिकटला तर ओढू नका, रॉकेल-पेट्रोल लावू नका. खाण्याचं तेल चोळत सैल करा, मग सौम्य शॅम्पूने धुवा.

## टप्पा ५: खिडकी, बाल्कनी, सेफ्टी डोअर

बाल्कनीला कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी बघून लोक निश्चिंत होतात. ती कबुतरांना अडवते, पंधरा किलोच्या कुत्र्याचा धक्का झेलायला ती केलेली नसते आणि काही कुत्रे तर ती चावून भोक पाडतात. उन्हाने दोन-तीन वर्षांत तिचे धागे ठिसूळ होतात. बाल्कनीला ग्रिल किंवा स्टीलच्या तारांची पक्की जाळी हवी.

ग्रिलच्या गजांमधलं अंतर कुत्र्याच्या डोक्याच्या रुंदीशी मोजून बघा. पिल्लाचं आणि शिह-त्झूसारख्या लहान कुत्र्याचं डोकं ज्या फटीतून जातं, तिथून अंगही जाऊ शकतं, नाहीतर डोकं तरी अडकतं. फट मोठी असेल तर खालच्या दीड-दोन फुटांवर आतून ॲक्रिलिकची शीट बसवा. खिडकीखाली दिवाण, खुर्ची, बॉक्स ठेवू नका. त्यावर चढून कुत्रा सरकत्या खिडकीपर्यंत पोचतो.

दारातून निसटलेले कुत्रे बहुतेक वेळा डिलिव्हरी घेतानाच निसटतात. बेल वाजली की आधी कुत्रा आतल्या खोलीत, मग सेफ्टी डोअर, असा क्रम घरातल्या लहान-थोरांनी पाळायचा. गळ्यातल्या पट्ट्याला दोन मोबाइल नंबर असलेला बिल्ला घरातही असू द्या. जमत असेल तर मायक्रोचिपही (कातडीखालची ओळखीची चिप) बसवून घ्या आणि महापालिकेचा कुत्र्याचा परवाना दरवर्षी नवा करा.

## टप्पा ६: पट्टा, लिफ्ट, रस्ता

पट्टा आणि मान यांत दोन बोटं जावीत. हार्नेस (छातीभोवती बसणारा पट्टा) घातल्यावर कुत्र्यासमोर उभे राहून लीश हलकेच तुमच्याकडे ओढा. घाबरलेला कुत्रा असाच मागे सरून सुटतो. या परीक्षेत हार्नेस कानांपर्यंत आला तर तो सैल आहे. लांबच लांब सुटणारी गुंडाळी-लीश मुंबईच्या रस्त्यावर नको. सहा फूट पुष्कळ झाली.

लिफ्टचा क्रम पक्का बसवा, कारण लीश दारात अडकून लिफ्ट चालू झाली तर हातात फार थोडा वेळ उरतो:

1. लिफ्ट येण्याआधीच लीश आखूड करा, कुत्रा पायाला लागून. लीश मनगटाला गुंडाळू नका.
2. दार उघडलं की आधी आतलं बघा. लहान मूल, घाबरणारं माणूस किंवा दुसरा कुत्रा असेल तर पुढच्या लिफ्टने जा.
3. कुत्रा आणि तुम्ही एकदम आत. तो आत आणि तुम्ही बाहेर, असं क्षणभरही नको.
4. लीशचा प्रत्येक इंच आत आहे हे डोळ्यांनी बघा, मगच मजल्याचं बटण दाबा.
5. जुन्या जाळीच्या लिफ्टमध्ये कुत्र्याला कोपऱ्यात बसवा आणि तुम्ही जाळीच्या बाजूला उभे राहा. शेपटी आणि पंजे जाळीतून बाहेर जातात.

लिफ्टमध्ये पट्ट्याऐवजी हार्नेसलाच लीश लावा, म्हणजे झटका बसलाच तर मानेला बसत नाही.

रस्त्यावरच्या कुत्र्यांशी गाठ पडली तर धावू नका आणि लहान कुत्र्याला खांद्यावर घेऊन हात हलवत राहू नका. स्वतः मध्ये उभे राहा, बाजूला वळा, हळू निघा. गल्लीतल्या कुत्र्यांना कुठे आणि कधी खायला घालतात ते माहीत करून घ्या आणि ती वेळ टाळा. चावलंच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि लस पूर्ण असली तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तुम्हालाही दात लागला असेल तर पालिकेच्या रुग्णालयात जाऊन स्वतःची रेबीजची लस सुरू करा, उद्यावर ढकलू नका.

पिल्लाच्या बाबतीत: पार्वो आणि डिस्टेंपर या आजारांच्या लसी सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतात आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात. रेबीजची तिसऱ्या महिन्यात. एक इंजेक्शन झालं की लगेच खाली बागेत सोडायचं, ही घाई पिल्लाच्या जिवावर बेतते. तोपर्यंत त्याला कडेवर घेऊन जग दाखवा.

आरे, मुलुंड, बोरिवलीसारख्या राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला राहत असाल तर अंधार पडल्यावर झाडीच्या बाजूने फिरवू नका आणि कुत्र्याला रात्री अंगणात बांधून ठेवू नका. तिथल्या बिबट्यांच्या खाण्यात कुत्रा हा नेहमीचा प्राणी आहे.

## टप्पा ७: पावसाळा

याची तयारी जूनमध्ये नाही, एप्रिल-मेमध्ये. उंदीर आणि इतर जनावरांच्या लघवीतून लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या आजाराचे) जंतू साचलेल्या पाण्यात येतात आणि जखमेतून, डोळ्या-तोंडातून किंवा ते पाणी पिऊन कुत्र्याच्या अंगात शिरतात. लस आहे, पण पहिल्यांदा देताना दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, मग दरवर्षी एक. दुसरा डोस मेच्या मध्यापर्यंत व्हायला हवा. लस जंतूंच्या सगळ्या प्रकारांना पुरत नाही, म्हणून ती घेतली तरी खालचे नियम सुटत नाहीत.

तुंबलेल्या पाण्यातून चालवायचं नाही. घोट्याएवढं पाणी तुमच्यासाठी घोट्याएवढं असतं, डॅशहंडच्या ते तोंडाशी येतं. त्या पाण्याखाली उघडं मॅनहोलही असू शकतं. त्या दिवशी बिल्डिंगच्या जिन्यात, पार्किंगच्या कोरड्या कोपऱ्यात किंवा बाथरूममध्ये वर्तमानपत्रावर शी-शू करू द्या. ही सवय पावसाआधीच लावावी लागते.

विजेचे खांब, फूटपाथवरचे विजेचे बॉक्स, दुकानांचे लोखंडी बोर्ड यांपासून लांब चला. नर कुत्रा नेमका खांबाशीच पाय वर करतो. ओल्या पायांनी त्याला तुमच्याआधी करंट लागतो. ओल्या रस्त्यावर तो अचानक किंचाळून पडला तर त्याला उचलायला झेपावू नका, तुम्हीही पडाल. कोरड्या जागी राहूनच, तो करंट असलेल्या कशाला चिकटला नसेल तर लीशने बाहेर ओढा. लीश ओली किंवा साखळीची असेल तर तिलाही हात नको. वीज कंपनीचा तक्रारीचा नंबर फोनमध्ये साठवा: शहरात बेस्ट, उपनगरांत अदानी किंवा टाटा, भांडुप-मुलुंडकडे महावितरण.

घरी आल्यावरचा क्रम: रेनकोट लगेच काढा, पंजे साध्या स्वच्छ पाण्याने धुवा, बोटांच्या बेचक्यांत टॉवेलने टिपून पूर्ण कोरडे करा, भेगा आणि जखमा बघा. माणसांचं जंतुनाशक थेट पंजांवर ओतू नका, ते चाटून पोटात जातं. धुवून ओले ठेवलेले पंजे हे बुरशीचं कारण आहे. न धुतलेले पंजे त्यापुढे बरे, असं म्हणायची वेळ येते.

इशारा: साचलेल्या पाण्यातून गेल्यानंतरच्या एक-दोन आठवड्यांत ताप, उलट्या, अन्न सोडणं, अंग आखडणं, डोळे किंवा हिरड्या पिवळ्या होणं, लघवी खूप वाढणं किंवा बंद होणं, यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी रक्ततपासणी करा. लेप्टो माणसांनाही होतो. अशा कुत्र्याची लघवी हातमोजे घालूनच पुसा.

चौपाटीवर याच दिवसांत निळ्या फुग्यासारखे ब्लू बॉटल आणि डांबराचे काळे गोळे वाहून येतात. ब्लू बॉटल मेल्यावरही डंख मारतो. वर्सोवा, जुहूच्या वाळूत गळ आणि जाळ्यातून फेकलेले मासेही असतात. कुत्र्याला लीशशिवाय सोडण्याचे हे दिवस नव्हेत.

## टप्पा ८: उकाडा आणि गोचीड

कुत्रा घामाने नाही, धाप टाकून अंग गार करतो. हवेत दमटपणा जास्त असला की धापेने बाष्प उडत नाही. म्हणून मुंबईत पारा फार चढलेला नसतानाही उष्माघात होतो. मार्च ते मे आणि ऑक्टोबर हे वाईट महिने, पग-बुलडॉगसारखे चपट्या नाकाचे कुत्रे सर्वात धोक्यात. फिरणं सकाळी सातच्या आत आणि सूर्य बुडाल्यावर. हाताची पालथी बाजू रस्त्यावर सात सेकंद ठेवून बघा. तुम्हाला धरवत नसेल तर त्याच्या पंजांनाही भाजतं. उभ्या गाडीत काच किंचित उघडी ठेवून पाच मिनिटंही सोडू नका.

लाळ गळत असेल, हिरड्या लालभडक असतील, चालताना झोकांड्या जात असतील, तर आधी गार करा आणि मग न्या. नळाचं पाणी अंगावर ओतत राहा, पंखा लावा, तापमान ३९.५ ला आलं की थांबा. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नका, उष्णता आत कोंडते.

गोचिडांसाठी रोज रात्री पाच मिनिटं कान, पट्ट्याखालची मान, काखा, जांघा आणि बोटांच्या बेचक्या चाचपा. चिमटा कातडीला टेकवून गोचीड सरळ वर ओढा. रॉकेल, काडीचा चटका, असलं काही नको. मानेवर टाकायचं औषध आणि आंघोळ यांत पाकिटावर लिहिलेलं अंतर ठेवा, बहुतेकांना दोन दिवस लागतात. अंगाला लावायचं गोचिडांचं पातळ औषध मात्र न मोजता पाण्यात घालू नका. झाकणाने मोजा आणि वाळेपर्यंत कुत्र्याला चाटू देऊ नका. गोचिडी भिंतीच्या भेगांत आणि खिडकीच्या चौकटीत अंडी घालतात, त्यामुळे नुसत्या कुत्र्यावर औषध लावून त्या संपत नाहीत. मलूल कुत्रा, ताप, फिक्या हिरड्या, नाकातून रक्त: गोचीडतापाची रक्ततपासणी करा.

## टप्पा ९: सणांचे दिवस

गणपतीत प्रसादाचं ताट जमिनीवर ठेवू नका आणि येणाऱ्या पाहुण्यांना ‘त्याला काही देऊ नका’ हे दारातच सांगा. दिवाळीत भेट आलेल्या सुक्यामेव्याच्या आणि चॉकलेटच्या पेट्या उंचावर ठेवा. फटाक्यांच्या आणि मिरवणुकीच्या दिवशी दिवसाउजेडी फिरवून आणा, आतल्या खोलीत खिडक्या-पडदे बंद करून पंखा आणि टीव्ही चालू ठेवा. फार घाबरणाऱ्या कुत्र्यासाठी सणाच्या दोन-तीन आठवडे आधी डॉक्टरांना विचारा. शेजाऱ्याने सुचवलेली झोपेची गोळी देऊ नका. होळीचा रंग पाण्याने आणि कुत्र्याच्या शॅम्पूने जाईल तेवढा जाऊ द्या.

## टप्पा १०: झालंच तर, हा क्रम

1. वस्तू त्याच्यापासून काढा, दार बंद करा, दुसऱ्या पाळीव प्राण्याला बाहेर न्या.
2. तोंडात बघा. जे दिसतंय आणि सहज निघतंय तेवढंच काढा. अंदाजाने घशात बोट घालू नका, वस्तू आत ढकलली जाते.
3. डॉक्टरला फोन. काय खाल्लं, किती, किती वाजता, वजन किती. पाकिटाचा फोटो पाठवा.
4. ते सांगतील तेवढंच करा. मीठ-पाणी नको, त्याने रक्तातलं मीठ जीवघेणं वाढतं. दूध, दही, तेल, तूप नको. फिनाईल, रॉकेल, ॲसिड गिळलं असेल तर ओकायला लावू नका: घसा दुसऱ्यांदा भाजतो, आणि रॉकेल फुफ्फुसात जाऊ शकतं.
5. पाकीट, उरलेला तुकडा, ओकलं असेल तर त्याचा नमुना पिशवीत घालून सोबत घ्या.
6. पडला असेल किंवा गाडीने उडवला असेल तर चादरीवर सरकवून दोघांनी उचला. तोंड ओढणीने बांधायचं ते तो ओकत नसेल आणि श्वास नीट चालू असेल तरच.
7. निघाल्यावर पुन्हा फोन करा, म्हणजे ते तयारीत राहतील.

दवाखान्यातून परत आल्यावरही काम उरतं आणि ते बरेचदा अर्धवट सुटतं. रक्त गोठू न देणाऱ्या विषावर व्हिटॅमिन के-१ च्या गोळ्या बहुधा तीन-चार आठवडे चालतात. आठवड्याभरात कुत्रा खेळायला लागतो आणि घरचे गोळ्या थांबवतात, मग रक्तस्राव पुन्हा सुरू होतो. शेवटच्या गोळीनंतर दोन दिवसांनी रक्त गोठण्याची तपासणी करायची असते. ती तारीख त्याच दिवशी फ्रिजवरच्या कागदावर लिहा आणि तपासणी होईपर्यंत उड्या, कुस्ती, लांबचं फिरणं बंद ठेवा.